ग्राइंडर, ब्रेकर चालवून हात बधिर होणे – कुणाला अनुभव आहे का?

मृण्मयी_क
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरजवळ एका फौंड्रीत फेटलिंगला आहे. ओतकाम झाल्यावर कास्टिंगच्या कडेला जो जास्तीचा लोखंडी पापुद्रा राहतो, तो ग्राइंडरने घासून काढायचा आणि जाड असेल तर हवेवर चालणाऱ्या चिपिंग हातोड्याने तोडायचा, हे त्याचं काम. वय चौतीस. गेल्या दिवाळीपासून रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. आता दिवसाही बोटांची टोकं बधिर असतात. शर्टाचं वरचं बटण भावजय लावून देते. खिशात हात घातला तर नाणं रुपयाचं की दोनाचं, ते बाहेर काढून बघितल्याशिवाय कळत नाही म्हणतो.

डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं दिली, मानेचा एक्स-रे काढला आणि "मणक्यात गॅप आहे" असं सांगून गळ्यात पट्टा दिला. कामाचं काय करतोस हे कुणी विचारलंच नाही. मशीनच्या थरथरीने नसा खराब होतात का? होत असतील तर जाड हातमोजे घालून भागेल, की काम सोडावं लागेल? पगारावर घर चालतं, त्यामुळे "सोडून दे" म्हणणं सोपं नाही.

बिनकामाचा
माझा मोबाईल कायम व्हायब्रेटवर असतो. मला काही धोका?

मृण्मयी_क
आहे. बायकोचा फोन उचलला नाहीत तर.

जुना_खुंट
ताई, राग मानू नका, पण हल्ली प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव द्यायची फॅशन आलीय. आमचे वडील लोहारकी करायचे. आयुष्यभर घण मारला, हात शेवटपर्यंत धडधाकट. चौतिशीत बटण लागत नाही म्हणजे खाण्यापिण्यात कुठेतरी कमी आहे. दूध, तूप, बदाम सुरू करा.

टॉर्क_रेंच
@जुना_खुंट, काका, घण आणि चिपिंग हातोडा यांत फरक आहे. घणाचा एक घाव बसतो, मग माणूस श्वास घेतो, पुन्हा उचलतो. हवेचा हातोडा सेकंदाला तीसेक घाव घालतो आणि प्रत्येक घावाचा धक्का मुठीतून वर येतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १८०च्या वर. त्याचं चाक एका बाजूला झिजलेलं असेल तर तितक्या वेळा बोटांना हिसका बसतो. बदामाने हे थांबत नाही.

मृण्मयीताई, मी पिंपरीत मेंटेनन्समध्ये आहे. आमच्याकडे असे दोघेतिघे बघितलेत. तुमचा संशय बरोबर वाटतो.

अनामिक_वैद्य
सविस्तर लिहितो. तपासल्याशिवाय निदान होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कंपनामुळे हाताचं नुकसान तीन ठिकाणी होतं. एक, बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या. थंडीत त्या आवळल्या जातात आणि बोटं खडूसारखी पांढरी पडतात. दोन, नसा. नसेवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि कातडीत स्पर्श टिपणारी जी सूक्ष्म टोकं असतात ती निकामी होत जातात. तीन, स्नायू आणि सांधे, म्हणजे पकड कमी होणं. थंड देशांत पांढऱ्या बोटांचा बोलबाला जास्त. आपल्या उष्ण हवेत तो प्रकार कमी दिसतो आणि रुग्ण मुंग्या, बधिरपणा घेऊन येतो. त्यामुळे डॉक्टरलाही कंपन चटकन आठवत नाही.

आता तुमच्या भावाचं. रात्री जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं, ही खूण कार्पल टनेलची. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून मेडियन नस जाते. तिथे ती दाबली गेली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते. जोर लावून पकडणं आणि कंपन एकत्र आलं की हा त्रास जास्त होतो. पण नाणं न ओळखता येणं, बटण न लागणं आणि सगळ्याच बोटांची टोकं मरगळणं, यात करंगळीही असेल तर बोटांतल्या नसांनाच थेट मार बसलाय असं समजावं. दोन्ही एकाच हातात असू शकतं, आणि उपचार ठरवताना हे वेगळं काढणं फार महत्त्वाचं असतं.

आधी त्याला एवढंच विचारा: करंगळीला मुंग्या येतात का?

बाकी कारणंही बघायला हवीत. रक्तातली साखर, थायरॉइड, बी-१२ची पातळी (इंजेक्शनं घेण्याआधीची असती तर बरं झालं असतं), दारू. आणि आपल्या देशात कुष्ठरोग विसरून चालत नाही. कातडीवर फिकट, बधिर चट्टा आहे का, कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड लागते का, ते डॉक्टर हाताने चाचपून बघतात. सरकारी दवाखान्यात त्यावरची औषधं फुकट आहेत आणि तो बरा होतो, म्हणून नाव ऐकून घाबरू नका.

"मणक्यातली गॅप" तिशी ओलांडलेल्या अर्ध्या गावाच्या एक्स-रेत सापडेल.

दातकोरणी
वाचतेय. आमच्या धंद्यातही आहे हो हे. दात साफ करायचा अल्ट्रासॉनिक स्केलर सेकंदाला २५-३० हजार वेळा थरथरतो. हाताला तो जाणवतसुद्धा नाही, पण दिवसभर तर्जनीच्या टोकावर तोच. माझ्या एका सीनियरना कापूस आणि गॉज यातला फरक बोटाला कळेनासा झाला होता.

बिनकामाचा
म्हणजे डॉक्टरीणबाई माझ्या दाढेवर थरथरत्या हाताने काम करत होत्या, ती भीती नव्हती, व्यवसायजन्य आजार होता. माफ केलं त्यांना.

लीड्सचा_पाटील
मी इथे इंग्लंडमध्ये बांधकाम साइटवर असतो. इथे हा विषय पोरंसोरं पाठ म्हणतात, कारण कायदा आहे आणि दंड जबर आहे.

थोडा इतिहास. १९११ साली इटलीत लोरिगा नावाच्या डॉक्टरने हवेची अवजारं वापरणाऱ्या खाणकामगारांत हे पहिल्यांदा नोंदवलं. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड इथे ॲलिस हॅमिल्टन यांनी चुनखडीचा दगड घडवणारे कामगार तपासले. थंडीच्या सकाळी त्यांची बोटं पांढरीफटक पडायची, आणि त्रास छिन्नी धरणाऱ्या हाताला जास्त. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सगळं कळलेलं होतं. तरी ब्रिटनच्या कोळसा खाणींत ड्रिल चालवणाऱ्यांना कोर्टात भांडावं लागलं. १९९९मध्ये सरकारने भरपाईची योजना काढली, तेव्हा दीड लाखाच्या वर दावे आले.

२००५चा नियम असा आहे. कंपनाचं मोजमाप मीटर प्रति सेकंद वर्ग यात होतं. आठ तासांच्या दिवसाची सरासरी २.५च्या वर गेली की मालकाने उपाय करायचे. ५च्या वर जाऊच द्यायची नाही. साइटवर हे कोण गणित करणार, म्हणून गुण काढतात: कंपनाचा वर्ग गुणिले २ गुणिले तास. १०० गुणांना इशारा, ४०० गुणांना काम बंद.

समजा ग्राइंडरचं कंपन ६ आहे. तासाला ७२ गुण. सव्वा तासाच्या थोडं पुढे इशारा, साडेपाच तासांत मर्यादा संपली. चिपिंग हातोडा १५चा धरला तर तासाला ४५० गुण. तास भरायच्या आत दिवसाचा कोटा खलास! कंपन दुप्पट झालं की वेळ निम्मी नाही, चौथाई होते. लोकांना हेच पटत नाही.

यात पाळीचे तास धरायचे नाहीत, हत्यार हातात *चालू* असतानाचा वेळ धरायचा. भावाला सांगा, शेजारच्या कुणाला तरी एक दिवस मोबाईलवर स्टॉपवॉच लावायला लावा.

जुना_खुंट
साहेब, लीड्सला ठीक आहे. इथे चारशे गुण झाले म्हणून हातोडा खाली ठेवला तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवेल.

लीड्सचा_पाटील
मान्य आहे काका. पण आकडा माहीत असला तर निदान हातोड्याचं काम दोघांत वाटून घेता येतं. दोघांचे हात निम्मे निम्मे वापरले जातील.

रांगडा_गडी
मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीतलाच. फेटलिंग शॉपला सुपरवायझर हाय, त्यामुळं ह्या धाग्यावर गप बसवंना.

ताई, तुमचा भाऊ नगावर काम करतो का हजेरीवर? नगावर आसल तर खरं दुखणं तिथं हाय. जेवढं नग तेवढं पैसं, मग गडी जेवायच्या सुट्टीतबी ग्राइंडर खाली ठेवत न्हाई. आमच्याकडं एकजण दोन पाळ्यांचं नग एका पाळीत काढायचा, सगळी त्याचं कौतुक करायची. आता त्याच्या हातातनं चहाचा कप सुटतो.

दुसरं म्हंजे, ग्राइंडरची दुरुस्ती कुणीच बघत न्हाई. चाक लंबवर्तुळ झालेलं असतंय, फ्लँज (चाक आवळून धरणारी चकती) वाकलेली असतीया, मशीन दोनदा खाली पडलेलं असतंय. तसंच दाबून चालवतात. नवं चाक बसवून, मोकळं फिरवून, हाताला जाणवतंय का बगायचं. जाणवलं तर बदलायचं. पाच मिनिटांचं काम हाय.

आणि एक गोष्ट हितं कुणी बोललं न्हाई. फेटलिंगला काम किती येणार हे मोल्डिंगला, म्हंजे साचा करताना, ठरतंय. पॅटर्न (साच्याचा नमुना) झिजला, साच्याच्या बॉक्सच्या पिना-बुशा ढिल्या झाल्या, की साच्याचं दोन अर्ध जुळत न्हाईत आणि सांध्यावर बोटभर फ्लॅश, म्हंजे तोच जास्तीचा पापुद्रा, येतोय. मग तो तोडायला हातोडा. आम्ही एका हाऊसिंगच्या बॉक्सच्या बुशा बदलल्या आणि त्या कास्टिंगवर हातोडा लावायची गरजच गेली, नुसत्या ग्राइंडरवर काम भागाय लागलं. मालकाला पोरांच्या हाताचं सांगून न्हाई पटलं, चाकांचा खर्च वाचतोय म्हटल्यावर लगेच पटलं.

टॉर्क_रेंच
+१. हे खरं इंजिनीअरिंग. बुश बदलली की दहा जणांचे हात वाचतात आणि मालकाचे पैसेही.

बिनकामाचा
@अनामिक_वैद्य, पांढरी बोटं कोल्हापुरात कमी दिसतात याचं कारण हवामान नाही. तिथे पांढरा फक्त रस्साच शोभतो.

रांगडा_गडी
तांबड्याला विसरला म्हंजे पुण्याचा दिसतोय गडी.

बिनकामाचा
डोंबिवली. तिथे दोन्ही रस्से मिळतात आणि दोन्ही गोड असतात.

हापूस_आणि_कर्ज
अवांतर नाही, विषयालाच धरून आहे. आम्हा बागायतदारांचं कोण बघणार? पावसानंतर बागेत रान बेणायला, म्हणजे वाढलेलं गवत-झुडूप कापायला, ब्रश कटर. पूर्वी बेणणीला माणसं मिळायची, आता एकच गडी पंधरा-वीस दिवस सकाळ-संध्याकाळ कटर मारतो. शेतात पॉवर टिलर, त्याचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि हँडल थेट मुठीत. संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडताना बोटं आपली वाटत नाहीत. आमच्याकडे यावर उपाय म्हणजे गरम वाळूची पोटली.

अनामिक_वैद्य
पोटली जपून. बधिर हाताला चटका कळत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजून आलेले लोक मी पाहिलेत. शेकायचंच असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने आधी स्वतःच्या हाताला लावून बघावं.

कटरच्या पात्याला दगड लागून दात मोडला की तोल जातो आणि कंपन वाढतं. ते पातं बदला. इंजिन आणि दांडा यांच्यात रबरी बुश असतो, तो कडक झाला असेल तर तोही. पट्टा खांद्याला नीट बसवा म्हणजे वजन मुठीवर येणार नाही. जेवढं घट्ट धराल तेवढं कंपन हातात जास्त उतरतं.

मृण्मयी_क
सगळ्यांचे आभार, इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. भावाला विचारलं. करंगळीलाही मुंग्या येतात, पण कमी. डावा हात जास्त बिघडलाय. भाऊ उजव्या हाताने काम करणारा असूनही डावा कसा, हे मला कोडं होतं, पण लीड्सच्या दादांनी छिन्नी धरणाऱ्या हाताचं लिहिलंय ते त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "व्हय, पुढचं टोक मी डाव्यानं धरतो." तो नगावरच आहे. आणि हो, बिडी ओढतो.

हातमोज्यांबद्दल कुणी बोललं नाही. ऑनलाइन जेलवाले मिळताहेत, घेऊ का?

टॉर्क_रेंच
मोज्यांचा भरवसा धरू नका. कंपनरोधक म्हणून विकायला एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १०८१९. त्याची चाचणी पास झालेले मोजेही मुख्यतः जलद कंपन थोडं कमी करतात. छोट्या ग्राइंडरला काहीसा उपयोग होईल. चिपिंग हातोड्याचा संथ, जड धक्का जेलमधून सरळ आरपार जातो. शिवाय मोजा जाड झाला की पकड आणखी आवळावी लागते. कापण्या-भाजण्यापासून वाचायला आणि थंडीत हात गरम ठेवायला मोजे घालाच, पण हातोड्यावर त्यांच्या जोरावर जास्त वेळ काम करू नये.

अनामिक_वैद्य
बिडी बंद. निकोटीनने त्याच बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. यात घासाघीस नाही.

नर्व्ह कंडक्शनची (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी) चाचणी करून घ्या, दोन्ही हातांची, आणि चिठ्ठीवर "कंपन करणारी अवजारं, इतकी वर्षं" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. चाचणी फारशी वाईट आली नाही तरी त्रास खोटा ठरत नाही, कारण बोटाच्या टोकावरचं सूक्ष्म नुकसान त्यात दिसेलच असं नाही. त्यासाठी नायलॉनचा बारीक तंतू टेकवून स्पर्श तपासतात.

कामगार_बाजू
कायद्याचं थोडं. कारखाने अधिनियम १९४८ (नोव्हेंबर २०२५मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेल्या २९ रोगांची यादी होती. शिसं, सिलिकोसिस (दगड-वाळूच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग), आवाजाने येणारा बहिरेपणा हे सगळं होतं. कंपनाने बिघडलेला हात नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१०च्या यादीत कंपनामुळे होणारे आजार स्पष्ट दिलेत, नसांचे आणि रक्तवाहिन्यांचेही. म्हणजे जगाच्या दप्तरी हा आजार आहे, आपल्या फॅक्टरी डॉक्टरच्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. रकाना नव्हता म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून "आपल्याकडे असं काही होत नाही" म्हणायला सगळे मोकळे.

त्यामुळे कागद जपा. पगारातून कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआयचे) पैसे कापले जात असतील तर तपासण्या तिकडूनच करा. ठेकेदाराकडे असेल तर आधी कार्ड निघालंय का ते बघा.

जुना_खुंट
फेटलिंग चालू ठेवायचं की नाही ते बोला. शेवटी प्रश्न तोच होता. कायदा वाचून बटण लागत नाही.

मृण्मयी_क
काका, तिकडेच येतेय. चाचणी झाली. दोन्ही मनगटांत मेडियन नस दाबली गेलीय, डावीकडे जास्त. शिवाय बोटांकडे जाणाऱ्या संवेदनेच्या नसा सर्वच मंद आहेत, करंगळीकडची पण. साखर, थायरॉइड ठीक. चट्टा वगैरे काही नाही. सर्जन म्हणाले मनगटाचं छोटं ऑपरेशन करू. पण "त्याने सगळं बरं होईल का" याचं उत्तर सरळ मिळालं नाही.

अनामिक_वैद्य
सरळ उत्तर देणं अवघडच आहे. ऑपरेशनने दाब मोकळा होईल, रात्रीची जाग बहुधा जाईल. पण बोटांच्या टोकांचा बधिरपणा मनगटामुळे नसेल तर तो राहू शकतो. मनगट मोकळं करून पुन्हा त्याच हातोड्यावर गेला, तर ऑपरेशन वाया घालवल्यासारखं होईल. कंपन थांबल्यावर पांढऱ्या बोटांचा त्रास हळूहळू कमी होऊ शकतो. नसांचं तसं नाही. त्या फार सावकाश सावरतात आणि कधी कधी पूर्ण सावरतच नाहीत. त्याचं वय चौतीस आहे, थांबायला हीच वेळ बरी. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी आजपासून बांधायला सांगा, आणि गळ्याचा पट्टा काढून ठेवायचा का ते सर्जनना विचारा.

जुन्या खुंटकाकांना उत्तर: चिपिंग हातोडा पूर्ण बंद. ग्राइंडरही नको.

जुना_खुंट
आणि घर? ते कोण चालवणार? तुम्ही लोक शेवटी "सोडा"वरच येता.

रांगडा_गडी
काका, फौंड्रीत फेटलिंग सोडून बाकीची कामं न्हाईत का? कोअर शॉप (साच्यातला आतला गाभा बनवायची जागा) हाय, गेजिंग (मापं तपासणं) हाय, डिस्पॅचला मोजणी हाय. फेटलिंग केलेल्या माणसाला कास्टिंग कुठं फुगलंय, कुठं ब्लोहोल (आत हवेची पोकळी) हाय, ते नजरंनं कळतंय. इन्स्पेक्शनला आसलाच माणूस लागतोय. फकस्त पेडेस्टल ग्राइंडरवर टाकू नका म्हणावं. तिथं मशीन हातात न्हाई म्हणून बरं वाटतंय, पण कास्टिंग हातात असतंय आणि तेच थरथरतंय.

पगार पडंल, खोटं कशाला सांगू. नगाचं पैसं जास्त असत्यात.

मृण्मयी_क
किती पडेल साधारण? भावजयीचं शिवणकाम चालू आहे, थोडं भागेल. फक्त मालकाला विचारायचं कसं, हा प्रश्न. "हात गेले" म्हटलं तर घरी बसवतील.

रांगडा_गडी
तसं नगा म्हणू. म्हणायचं, इन्स्पेक्शनला रिजेक्शन कमी करून दाखवतो, दोन म्हैने बगा. डॉक्टरची चिठ्ठी खिशात ठेवायची, पयली काढायची न्हाई. आकडा हितं लिवत न्हाई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कामगार_बाजू
चिठ्ठी खिशात ठेवा, पण तिची प्रत विम्याच्या दवाखान्यात आधी नोंदवून ठेवा. नंतर "आम्हाला कधी सांगितलंच नाही" म्हणतात.

हापूस_आणि_कर्ज
इंजिनाचा रबरी बुश बघितला. बुश नव्हताच. मागच्या मेकॅनिकने त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबला होता. नवीन मागवलाय. टिलरच्या हँडलला काही बसवता येतं का, कुणी केलंय का? भात लावणी तोंडावर आलीय.

टॉर्क_रेंच
टिलरचं मॉडेल आणि हँडल इंजिनाला जिथे जोडलंय त्या जागेचा फोटो टाका. तिथे बोल्टखाली नुसता वॉशर असेल तर रबर माउंट बसेल. आधी इंजिनाचे पायाचे बोल्ट मात्र आवळून घ्या. निम्मी थरथर तिथूनच असते.